ऑक्टाव्हच्या कोटाची अंत्ययात्रा

शिकागो,
३ मार्च १९५२

तेओफिल,

आधी महत्त्वाचं सांगतो. मी मेलेलो नाही.

गेल्या मंगळवारी हॉटेलच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून नेहमीसारखा दांडा ओढत होतो. (एके काळी आपल्या फुंकरीनं माणसं उचलायचो, आता दांड्यानं उचलतो. धंदा तोच.) पिसांच्या टोपीतली एक बाई आत आली, 'नववा' म्हणाली, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अशी किंचाळली की खालचा दरवान शिट्टी फुंकायला लागला. ती आपल्या गल्लीतल्या पाववाल्याची थोरली निघाली. नऊ मजले जिन्यानं चढली, पण माझ्याबरोबर लिफ्टमध्ये यायला तयार होईना. वर पोचल्यावर लांबूनच म्हणाली, "मुस्यू ऑक्टाव्ह, मी तुमच्या अंत्ययात्रेत रडत चालले होते हो! नव्या चपला झिजल्या माझ्या!"

मी म्हटलं, "बाई, भरून देईन. पण यात्रा कुणी काढली?"

"सगळ्यांनी," ती म्हणाली. "मुस्यू तेओफिलनी तर कविता म्हटली."

लेका, मी तुझ्याकडे माझा आयुष्यभर फुंकलेला कॉर्नेट पाठवला होता, सांभाळायला. त्यावरून तू माझी अंत्ययात्रा काढलीस? बरं, काढलीस तर काढलीस. दोन गोष्टींचं उत्तर दे. एक, कॉर्नेट ज्या कोटात गुंडाळला होता तो माझा पितळी बटणांचा कोट कुठे आहे? शिकागोत अजून बर्फ आहे. आणि दुसरी, थडग्यापाशी कॉर्नेट कुणी वाजवला? नार्सिसनं वाजवला असेल तर खोटं सांग.

तुझा,
ऑक्टाव्ह (जिवंत)


न्यू ऑर्लिन्स,
९ मार्च १९५२

कैलासवासी ऑक्टाव्ह,

तुझं पत्र आलं तेव्हा मी शिडीवर चढून मादाम फॉर्तिएच्या दिवाणखान्याला गिलावा करत होतो. पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि हातातलं घमेलं सुटलं. खाली मादामचं मांजर होतं. आता ते पांढरं आहे.

घरी येऊन तुझ्या एर्नेस्तीनवहिनीला पत्र वाचून दाखवलं. तिनं छातीवर क्रूस केला, देवाचे आभार मानले, आणि लगेच म्हणाली, "त्या मेल्यासाठी मी महिनाभर काळे कपडे घातले! परत मरायला सांग त्याला!" मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ रडली. तू जिवंत असल्याचा सगळ्यात जास्त राग तिलाच आला आहे, म्हणजे ओळख.

आता चूक कुणाची ते बघू. आपल्याकडे वाजवणारा परगावी मेला की त्याचं वाद्य आधी घरी येतं. त्याच्याच बँडच्या कोटात गुंडाळून, चिठ्ठीचपाटीशिवाय. हे तुला मी सांगायचं? एमिल सेंट लुई शहरात मेला तेव्हा त्याचं क्लॅरिनेट अगदी असंच बगलेत धरून कोण आलं होतं? तूच ना? मग जानेवारीत रेल्वेचा माणूस माझ्या दारात तुझा कोट घेऊन उभा राहतो, कोटातून कॉर्नेट निघतो, आणि अक्षर एकही नाही. मी काय समजायचं? तुझा वाढदिवस? ओठाला लावायचा माउथपीस तेवढा नव्हता, तो गाडीत चोरांनी काढला असेल म्हटलं.

हॉटेलचं नाव किंवा घरचा पत्ता तू आम्हाला कधी कळू दिला नव्हतास. विचारणार कुणाला?

यात्रा मात्र, ऑक्टाव्ह, डोळे निवले अशी झाली. पेटीत तुझा कोट ठेवला, बाह्या छातीवर दुमडून. ईव्हनिंग स्टार मंडळाचा जांभळा झेंडा पुढे, मागे बँड, त्यामागे तीन विधवा. दोघी मी ओळखल्या. तिसरी कोण होती ते तूच कळव. सगळ्यात मोठ्यानं तीच रडत होती. अलोन्झोनं ताशाच्या तारांत रुमाल खुपसला होता. तुला ठाऊकच आहे, तो तसा घुमायला लागला की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा मान खाली घालतात. रुमाल तुझ्याच कोटाच्या खिशातला होता. आपल्या गावातल्या संत लुईच्या कबरस्तानापर्यंत मंद भजन, पाऊल पाऊल.

मला सारखी ती दुपार आठवत होती. आपण सतरा-अठराचे. तुझ्या बँडची गाडी आणि माझ्या बँडची गाडी नाक्यावर समोरासमोर आली, लोकांनी चाकाला चाक बांधलं, पहिला गप्प बसेल तो हरला. मी ट्रॉम्बोनची नळी जोरात पुढे सारली ती थेट तुझ्या टोपीला लागली, टोपी उडाली, आणि तू एक सूरही न सोडता डोळा मारलास. त्या दिवशी उन्हाला मक्याच्या कणसाचा रंग होता. अजून डोळे मिटले की तसाच दिसतो.

थडग्यापाशी मी चार ओळी म्हटल्या. मादमोझेल सेलेस्तच्या शाळेत वर्गासमोर उभा राहायचो तसाच उभा राहिलो, हात मागे बांधून:

नदी अजूनही वाहत आहे, बोट मात्र ती गेली,
सूर तुझा तो ऐकायाला सांज थबकुनी ठेली;
ओठ मिटले, पितळ थिजले, चंद्र उभा दारात,
कोण आता रे फुंकर घालिल काळोखाच्या कानात?

कॉर्नेट नार्सिसनंच वाजवला, स्वतःचा. तुझा माझ्या भिंतीवर आहे. मग रिवाजाप्रमाणे रुमाल काढून नाचत-गात परत आलो. सगळं यथासांग झालं.

कोटाचं मात्र कठीण आहे. तो तुझ्या क्लोतिल्द मावशीच्या थडग्यात, तिच्याच शेजारी आहे. एक वर्ष आणि एक दिवस झाल्याशिवाय थडग्याचं लिंपलेलं दार उघडत नाहीत. मावशी तुला कधी नीट भेटली नव्हती, आता कोटाशी बोलत असेल.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला हात उचलत नाही. मंडळाच्या वहीत तुझ्या नावापुढे वही सांभाळणाऱ्या इसिदोरनं क्रूस काढला. नियम तुला ठाऊक आहे. एका सभासदाला एकदाच वाजंत्री.

तुझा,
तेओफिल


शिकागो,
१५ मार्च १९५२

तेओ,

चंद्र दारात कशाला उभा होता? भाडं मागायला? आणि सांज थबकली म्हणे. थबकणारच, भर रस्त्यात तुम्ही ट्राम अडवून उभे होतात. मादमोझेल सेलेस्त जिवंत असती तर तिनं तुला 'ठेली'साठी एक छडी आणि 'फुंकर'साठी एक गोळी दिली असती. (शेवटची ओळ मी लिफ्टमध्ये पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये परत म्हणून पाहिली. वाईट नाही. कुणाला सांगू नकोस.)

तिसऱ्या विधवेचं वर्णन पाठव. घाई करू नकोस, पण पाठव.

तर नार्सिस! माझ्या थडग्यापाशी नार्सिस! एकवीस सालच्या बोटीवर बँडमध्ये माझ्या शेजारी उभा राहून रोज रात्री माझ्या सुरांचा हिशेब ठेवायचा तो नार्सिस. मी शिकागोला आलो, तबकड्या निघाल्या, एवढा जोरात वाजवायचो की रेकॉर्ड करताना मला दाराबाहेर जिन्यात उभं करायचे, आणि तिकडे तो सगळ्यांना सांगत होता की ऑक्टाव्हला अमेरिकेतल्या प्रत्येक खोलीतून बाहेर काढतात. त्याला माझी यात्रा वाजवायला मिळाली. बसला असेल शेवटी माझ्या छातीवर.

आता खरं ऐक. ऑक्टोबरात माझे वरचे दात गेले. एक नाही, सगळे. दात काढणाऱ्यानं ते बशीत ठेवून दाखवले. तीस वर्षांची मिळकत एवढीशी. दाताशिवाय कॉर्नेट म्हणजे बिनदांड्याची लिफ्ट. घरमालकीण मिसेस पेटिग्र्यू म्हणाली, "हे पितळ धूळ खातं, विकून टाका." म्हणून तुझ्याकडे धाडला. कोट हाताशी होता, मऊ होता, गुंडाळला. रिवाज विसरलो. तीस वर्षं झाली, माणूस विसरतो.

पण वाजंत्रीचं काय? तेओ, थट्टा बाजूला ठेव. डॉक्टर माझ्या छातीला कान लावून भुवया वर करतो, ते मला आवडत नाही. आणि इथे माणूस कसा पुरतात ते मी पाहिलं आहे. काळ्या मोटारी, काचा बंद, ऑर्गनवर कुणीतरी झोपेत बोटं टेकतो, आणि वीस मिनिटांत सगळे कामावर. एवढ्या थंडीत, एवढ्या शांततेत मी जायचा नाही. इतकी वर्षं मी मंडळाचा सभासद राहिलो तो याच एका गोष्टीसाठी. तबकड्या गेल्या, दात गेले, नाव गेलं. ताशावरचा रुमाल तेवढा माझा होता, आणि तोही तुम्ही एका कोटावर उडवलात!

इसिदोरला समजाव.

ऑक्टाव्ह


न्यू ऑर्लिन्स,
२२ मार्च १९५२

ऑक्टाव्ह,

गेलो होतो इसिदोरकडे. तो दुकानात एका पेटीला पॉलिश करत होता. तू जिवंत असल्याचं सांगितलं तर मान वर न करता म्हणाला, "पितो आहे म्हणजे."

मी म्हटलं, "इसिदोर, पेटीत माणूस नव्हता. नुसता कोट होता."

"मंडळानं माणूस धरूनच वाजवलं, तेओ."

"मग चुकून वाजवलं."

"वाजवलेलं परत घेता येतं? एकदा पुरलेल्याला पुन्हा पुरायचं म्हटलं तर उद्या जो तो उठेल आणि जिवंतपणी एक यात्रा काढून घेईल. बरी झाली तर हीच धरा म्हणेल, नाहीतर दुसरी द्या."

"पहिली तालीम समज ना!"

"तालीम?" इसिदोर पहिल्यांदा हसला. "आपल्या बँडला तालमीची सवय कधी लागली?"

वीस मिनिटं बोललो. शेवटी म्हणाला, "नियम माझा नाही. माझ्या बापालासुद्धा दुसरी मिळाली नाही, आणि त्याची पहिली पावसात धुऊन गेली होती."

म्हणून मी रात्रभर विचार करून ठरवलं आहे. माझी तू घे. मी मंडळाला लिहून देतो. मला वाजंत्रीचं एवढं काही नाही. मी गिलाव्याचा माणूस, भिंतीत मिसळून जाईन. एर्नेस्तीन रेडिओ लावील. तू घरी ये. सोमवारी आमच्याकडे अजून राजमा-भात असतो, आणि तुझी खुर्ची कुणी वापरत नाही, कारण तिचा एक पाय तू अठरा साली मोडलास.

तेओफिल


शिकागो,
२ एप्रिल १९५२

तेओफिल,

तुझी यात्रा मी घेतो आणि तू रेडिओवर जातोस? मधेच साबणाची जाहिरात लागेल. मूर्ख आहेस. नको.

आणि खरं सांगायचं तर मी रिवाज विसरलो नव्हतो. एमिलचं क्लॅरिनेट मीच आणलं होतं, ते कसं विसरेन? कोट खुंटीवरून काढला तेव्हा काय करतो आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. ऑक्टाव्ह दुव्हेर्ने म्हणजे वरचे बारा दात आणि एक कॉर्नेट. तो ऑक्टोबरात बशीत पडला होता. म्हटलं, त्याला घरी जाऊ दे, त्याच्या माणसांना त्याला नीट पोचवू दे. लिफ्टवाला इथे राहील, त्याचं कुणाला काही देणंघेणं नाही. फक्त ती पाववाल्याची पोरगी लिफ्टमध्ये शिरली आणि मला मोह झाला. विचारावंसं वाटलं, कशी झाली यात्रा?

कळलं. चांगली झाली. नार्सिसनं वाजवलं, तुम्ही नाचत परत आलात. संपलं.

आता पत्र पाठवू नकोस. मेलेल्यांना टपाल येत नाही.

ऑक्टाव्ह


न्यू ऑर्लिन्स,
२७ एप्रिल १९५२

ऑक्टाव्ह,

एप्रिलभर माझी पत्रं न फोडता परत येत आहेत, म्हणून हे मिसेस पेटिग्र्यूच्या नावावर पाठवतो. बाई, हे त्याला जेवताना मोठ्यानं वाचून दाखवा. उठून गेला तर दाराबाहेरून वाचा.

तर ऐक. मी तुला खोटं लिहिलं. आम्ही नाचत परत आलो नाही.

थडग्याचं दार लिंपलं, पाद्री गेला, सगळे कबरस्तानाच्या फाटकाबाहेर आले. आता अलोन्झोनं रुमाल काढायचा, ताशा तडतडायचा, कॉर्नेटनं हाक द्यायची आणि छत्र्या उघडून नाचायचं. नार्सिसनं ओठाला कॉर्नेट लावला. आम्ही थांबलो. लोक थांबले. त्यानं तो खाली घेतला. म्हणाला, "परतीची धून त्याची आहे. बोटीवर एकवीस साली मी त्याच्या शेजारी उभा राहून रोज रात्री मोजायचो, एका दमात किती सूर घेतो. मला ते कधी जमले नाहीत. आज तो ऐकत नाही म्हणून वाजवू? नाही वाजवणार." आणि कॉर्नेट काखेत मारून सरळ घरी चालायला लागला. सत्तरीचा माणूस, रस्त्याच्या मधोमध, पोरासारखा रडत. त्याच्या मागे आम्ही सगळे मुक्यानं घरी आलो. असं या गावात कधी झालेलं नाही. लाजेनं कुणी कुणाशी बोललं नाही, म्हणून तुलाही कळवलं नाही. तू नार्सिसला शिव्या घालत होतास आणि मी गप्प बसलो.

गेल्या रविवारी मंडळाची सभा होती. मी उठून उभा राहिलो, हात मागे बांधले. इसिदोर म्हणाला, "कविता असेल तर खाली बस."

मी म्हटलं, "कविता नाही, प्रश्न आहे. अलोन्झो, ऑक्टाव्हच्या दिवशीचा रुमाल कुठे आहे?"

अलोन्झो पायाकडे बघत म्हणाला, "ताशात."

"अजून?"

"माणसाच्या नावानं खुपसलेला रुमाल त्याच्या परतीच्या धुनीवरच निघतो. ती वाजलीच नाही, तर काढू कसा? ताशा खुंटीवर आहे. तेव्हापासून पुतण्याचा वाजवतो, भिकार आहे."

मागून नार्सिसचा आवाज आला, "म्हणजे यात्रा अजून रस्त्यातच आहे."

मग जो गोंधळ झाला तो तू असतास तर बाकावर चढून ऐकला असतास. एक म्हणे अर्धी यात्रा म्हणजे यात्राच नव्हे, दुसरा म्हणे अर्धी तरी झालीच. तिसऱ्यानं विचारलं की मग अर्धा मेला असं धरायचं का, आणि धरायचं तर वरचा अर्धा की खालचा. तिसरी विधवाही आली होती. तिचं नाव फिलोमेन. तुला ती ओळखत नाही. तिला अंत्ययात्रा आवडतात. ती म्हणाली, "मी परतीला नाचायलाच आले होते, मला फसवलंत!"

इसिदोरनं टेबलावर हातोडी आपटली. वहीतल्या तुझ्या क्रूसावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "एका सभासदाला एक वाजंत्री. नियम मोडणार नाही. पण वाजंत्री म्हणजे जाणं आणि परत येणं, दोन्ही. ऑक्टाव्ह दुव्हेर्नेचं जाणं झालं आहे. परत येणं शिल्लक आहे."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे त्याला म्हणावं, परत ये. मंडळ स्टेशनवर येईल."

तुझ्या मरणाबद्दल काय, असं कुणीतरी विचारलंच. इसिदोर म्हणाला, "ते त्याचं एकदा वाजवून झालंय. पुढच्या वेळी गुपचूप आत सरकेल. परतीची धून स्वतःच्या कानांनी ऐकून गेलेला माणूस या गावात दुसरा कुणी आहे का सांगा."

आता तुझ्या दातांबद्दल आणि बशीबद्दल. तू कोट पाठवलास, कॉर्नेट पाठवलास, मेल्यासारखं मन घट्ट केलंस. पण माउथपीस? मी बावळट, चोरांना दोष दिला. खरोखर मरायला निघालेला वाजवणारा माउथपीस ठेवून घेत नाही, ऑक्टाव्ह. तो आत्ता तुझ्या खिशात आहे. मिसेस पेटिग्र्यू, बघा जरा, उजव्या खिशात.

तेओफिल


शिकागो,
४ मे १९५२

तेओ,

डाव्या खिशात होता. बाईनं तो काढून टेबलावर ठेवला, शेंगदाण्याच्या वाटीशेजारी, आणि तुझं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बाईचं वाचन भयंकर आहे. तुझ्या कवितेला तिनं चाल लावली असती.

नवे दात बसवले आहेत. बोलताना टाळी वाजल्यासारखा आवाज येतो, पण निदान ठेक्यात येतो. महिनाभर दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबवून नुसत्या माउथपीसमध्ये फुंकर घालतो आहे. पाहुण्यांना वाटतं मशीन बिघडलं. दोघांनी तक्रार केली, तिसऱ्यानं फर्माईश केली. पूर्वीचे सूर नाहीत. दम अर्ध्यावर तुटतो. पण हाक देता येईल, एक हाक.

लिफ्ट सोडली. शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो, इंजिनामागच्या, आपल्या काळ्या लोकांच्या डब्यातून. सामानाच्या डब्यात शोधू नका, ती सवय मोडा. इसिदोरला सांग, पेटी आणू नको, छत्री आण. एर्नेस्तीनला सांग, सोमवारपर्यंत मी खुर्ची दुरुस्त करतो, राजमा भिजत घालायला हरकत नाही. फिलोमेनला सांग, मी विधुर नाही, पण विचार करू.

नार्सिसला मात्र माझ्या शब्दांत सांग. त्याला बोटीवर मोजायची वाईट खोड होती. तर या वेळी पहिले आठ ठोके त्यानं घ्यायचे आणि मी नवव्याला येईन. नाही आलो, दम तुटला, दात पडले, तर त्यानं थांबायचं नाही. पुढे वाजवत राहायचं. ती धून माझी नाही, त्या रस्त्याची आहे.

आणि अलोन्झोला सांग, रुमाल फलाटावर काढ, माझ्यासमोर, आणि ताशा तडतडला की मला दे. कोट तुमच्याकडे वर्षभर राहू द्या, मावशीला सोबत आहे. पण रुमाल माझा आहे. तो मला लागेल. कशाला ते विचारू नकोस. शिकागोचा धूर डोळ्यांतून जायला वेळ लागतो.

येतो,
ऑक्टाव्ह